चार आठवडे झाले, काटा तिथेच

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. आहारसल्ल्याच्या कामात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते अभ्यासासाठी रचलं आहे. वजनाचे आणि कॅलरींचे आकडे शरीराच्या नेहमीच्या हिशेबाला धरून आहेत. नाव दिलेलं नाही, इथे त्यांना फक्त 'बाई' म्हटलं आहे.

परिस्थिती

बाईंचं वय ४२, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ७८ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, ३१ च्या किंचित वर. दिवसभर बसून काम. तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेचा आकडा, ५.९ टक्के आलं. म्हणजे मधुमेह नाही, पण ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व टप्प्यात पाऊल पडलेलं. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं आणि बाईंनी ते मनावर घेतलं.

सुरुवात अगदी जोमाने झाली. रोज ४५ मिनिटं भरभर चालणं, गोड बंद, रात्रीचं जेवण लवकर, मोबाइलवरच्या ॲपमध्ये खाण्याची नोंद. दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायामही सुरू केला. ॲपने दिवसाला १४०० कॅलरी आखून दिल्या होत्या आणि नोंदीत आकडा जवळपास तेवढाच दिसत होता. उद्दिष्ट होतं तीन महिन्यांत दहा किलो.

वजन फक्त सोमवारी सकाळी बघायचं असं ठरलं होतं. सुरुवातीच्या दिवशी ७८.०. आठवड्याने ७७.१, घरात सगळे खूश. त्यानंतर ७७.६. मग ७८.३. चौथा आठवडा संपला तेव्हा ७८.२, म्हणजे जिथून निघाल्या त्याच्याही दोनशे ग्रॅम पुढे.

बाई आहारतज्ज्ञाकडे आल्या तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, मी सगळं करतेय हो. पहाटे उठते, सगळ्यांचं आवरून चालायला जाते, नको त्या वेळी भूक लागली की पाणी पिऊन बसते. आणि काटा म्हणतो, तू काहीच केलं नाहीस."

त्यांच्याच बरोबर सुरुवात केलेल्या एका पुरुष सहकाऱ्याचं तेवढ्याच दिवसांत साडेतीन किलो वजन उतरलं होतं. घरी रोज कुणी ना कुणी विचारायचं, "किती कमी झालं?" बाईंच्या मनात आता दोनच वाटा होत्या. एक तर पुढच्या सोमवारपासून दिवसातून एकदाच जेवायचं, नाहीतर सगळं सोडून द्यायचं.

दोन घाईचे सल्ले

अशा वेळी माणसाला आजूबाजूने दोन गोष्टी ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं, "धीर धर, होईल." कुणी म्हणतं, "नक्की काहीतरी जास्त खात असशील." पहिलं वाक्य प्रेमाचं आणि दुसरं संशयाचं, पण दोन्हींत एकच खोट आहे. न बघता सांगितलेली आहेत ती. काटा हलत नाही याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. चरबी उतरतेय पण दिसत नाही, हा एक. चरबी उतरतच नाही, हा दुसरा. पहिल्यात थांबायचं असतं, दुसऱ्यात बदलायचं असतं. कुठला अर्थ लागू आहे हे शोधण्याआधी उमेदीबद्दल बोलणं मला अन्यायाचं वाटतं. मेहनत करणाऱ्या माणसाला आधी उत्तर मिळायला हवं. ते मिळालं की उमेदीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

बाईंच्या बाबतीत दोन्ही अर्थ थोडे थोडे खरे निघाले. प्रत्यक्षात बहुतेक वेळा असंच असतं.

काटा काय मोजतो

सोमवारची पाच वजनं एका कागदावर मांडली आणि प्रत्येकाशेजारी त्या आठवड्यात काय घडलं ते लिहिलं.

पहिल्या आठवड्यातले ०.९ किलो. शरीर स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं एकदम कमी केलं की हा साठा आधी वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचं पाणीही जातं. पहिल्या आठवड्यात मिळालेला आनंद बराचसा पाण्याचा होता. कुणी त्या आनंदावर विरजण घालावं असं नाही, पण पुढचे आठवडे त्याच गतीने जातील ही अपेक्षा तिथेच तयार झाली आणि पुढे तीच बोचत राहिली.

दुसऱ्या आठवड्यात वजनं उचलणं सुरू झालं. सवय नसलेल्या स्नायूंवर ताण पडला की त्यांच्यात बारीक इजा होते, दुरुस्तीसाठी तिथे द्रव जमतो. मांड्या दुखतात, जिना उतरताना कळ येते, ती याचमुळे. शिवाय नियमित व्यायामाला लागलेलं शरीर रक्तातला द्रव वाढवतं आणि स्नायूंत ग्लायकोजेन जास्त साठवायला शिकतं. हे सगळं तब्येतीच्या दृष्टीने चांगलं आहे, पण काट्यावर ते 'वाढ' म्हणून येतं.

तिसऱ्या आणि चौथ्या सोमवारी पाळी जवळ आली होती. पाळीच्या आधीच्या दिवसांत बऱ्याच जणींच्या शरीरात पाणी साठतं. कुणाचं अर्धा किलो, कुणाचं त्याहून जास्त. कुणाला काहीच फरक जाणवत नाही. एका महिन्याच्या नोंदीत पाळीआधीचं वजन सुरुवातीच्या, म्हणजे पाळीनंतरच्या वजनाशी ताडून बघितलं, तर तुलनाच चुकते. अशा वेळी पाळीच्या चक्रातला तोच दिवस मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसाशी ताडायचा असतो.

आणि सोमवार. रविवारी बाहेर जेवण, उशिरा जेवण, मिठाचं प्रमाण जास्त. शरीर रक्तातलं सोडियम ठरावीक मर्यादेत ठेवतं, त्यामुळे जास्तीचं मीठ बाहेर पडेपर्यंत पाणी राखून ठेवलं जातं. नऊ ग्रॅम मिठामागे साधारण एक लिटर, असा हा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि बाहेरच्या एका जेवणात ती मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यात आदल्या रात्रीचं अन्न पोटात असतंच. आठवड्यातल्या सात दिवसांपैकी वजनासाठी सगळ्यात गैरसोयीचा दिवस बाईंनी निवडला होता. खात्यात किती बचत होते हे रोज बघायच्या ऐवजी दर महिन्याला भाडं गेल्याच्या दिवशीच शिल्लक बघावी, तसं झालं होतं.

निरोगी माणसाचं वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होऊ शकतं, कधी त्याहून जास्त. त्यासमोर चरबीचा हिशेब बघा. एक किलो चरबीची घट म्हणजे साधारण ७७०० कॅलरींची तूट. मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या 'एका पौंडाला ३५०० कॅलरी' या नियमातून हा आकडा आला आहे. लांब पल्ल्यात तो जसाच्या तसा चालत नाही, कारण वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो, पण पहिल्या काही आठवड्यांच्या अंदाजाला पुरतो. दिवसाला ५०० कॅलरींची खरीखुरी तूट ठेवली, तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो चरबी जाते. अर्ध्या किलोचा बदल, किलोभर हेलकावे खाणाऱ्या काट्यावर, आठवड्यातून एकदाच बघून कळणार कसा? चार आठवडे हा वजनाच्या बाबतीत फार तोकडा काळ आहे. मेहनत करणाऱ्याला मात्र तो फार मोठा वाटतो, आणि दोष द्यायचा तर या फरकाला द्यावा.

सात दिवस, तराजू घेऊन

इथेच थांबून "सगळं पाणीच आहे, चालू ठेवा" असं सांगता आलं असतं. बाईंना बरंही वाटलं असतं. पण हिशेब अर्धाच राहिला असता.

१९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला. १२०० पेक्षा कमी कॅलरी खाऊनही वजन उतरत नाही असं प्रामाणिकपणे सांगणारी माणसं त्यात होती. त्यांचा ऊर्जेचा खर्च मोजला, तो नेहमीसारखाच निघाला. चयापचय मंद नव्हता. नोंदवलेलं खाणं मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त धरलेली होती. हा अभ्यास अनेकदा 'माणसं खोटं बोलतात' याचा पुरावा म्हणून सांगितला जातो आणि मला ते मुळीच पटत नाही. अंदाजाने मोजणारं कुणीही चुकतं. डोळ्याला तेलाचा थर दिसत नाही, हाताला मूठ केवढी भरली ते कळत नाही.

म्हणून आहारतज्ज्ञाने बाईंना एकच आठवडा मागून घेतला. काही कमी करायचं नाही, काही बदलायचं नाही, फक्त स्वयंपाकघरातल्या छोट्या तराजूवर वजन करून लिहायचं. "ही परीक्षा नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मला तुमच्या घरातल्या चमच्याचं माप हवंय."

तेलापासून सुरुवात झाली. बाई बाटलीतून सरळ कढईत तेल घालायच्या आणि ॲपमध्ये 'एक चमचा' लिहायच्या. बाटली आधी आणि नंतर तराजूवर ठेवली तेव्हा एका वेळचं तेल ३० ग्रॅमच्या पुढे गेलं. मापाचा मोठा चमचा म्हणजे साधारण १४ ग्रॅम, जवळपास १२० कॅलरी. त्यांचा चमचा सव्वादोन चमच्यांचा होता. ते तेल घरातल्या सगळ्यांत वाटलं गेलं तरी त्यांच्या वाट्याला दिवसाकाठी पन्नास-साठ कॅलरी जास्त येतच होत्या. संध्याकाळचा मूठभर सुकामेवा, 'पौष्टिक' म्हणून सुरू केलेला, ४० ग्रॅमचा निघाला, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी. नोंदीत तो शंभराचा होता. मुलांच्या ताटात उरलेलं, चव बघताना पोटात गेलेलं, हे नोंदीत कधी आलंच नव्हतं, कारण ते 'खाणं' वाटतच नाही.

कामाच्या पाच दिवसांची सरासरी निघाली १६०० आणि सुट्टीच्या दोन दिवसांची २०००. आठवड्याची सरासरी १७०० च्या थोडी वर. बाईंचं वय, वजन, उंची आणि चालणं धरून रोजचा खर्च १९०० च्या आसपास येतो. म्हणजे ५०० ची वाटणारी तूट प्रत्यक्षात २०० च्याही थोडी आत होती. चार आठवड्यांत एवढ्या तुटीतून साधारण पाऊण किलो चरबी जाते. गेलीही असणार. व्यायामाच्या आणि पाळीच्या पाण्याने ती झाकली, एवढंच.

हा कागद समोर आला तेव्हा बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं शरीर बिघडलेलं नाही."

या वाक्यापाशी थोडं थांबायला हवं. चुका सापडल्या की माणूस खचेल असं आपण धरून चालतो. इथे उलट झालं. मेहनत आणि फळ यांच्यातला धागाच तुटलाय असं त्यांना वाटत होतं, तो सापडला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्व-कार्यक्षमतेची कल्पना हेच सांगते. आपल्या कृतीने काही घडू शकतं हा विश्वास शाबूत असेल तर माणूस अडचणीतही टिकून राहतो. 'माझं शरीरच असं आहे' ही समजूत त्या विश्वासाच्या मुळावर घाव घालते. तेलाचं माप चुकलं, हे दुरुस्त करता येतं.

वैद्यकीय बाजू

मोजमाप चालू असतानाच डॉक्टरांकडून थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती ठीक आली. ही तपासणी करावी, पण तिच्याकडून फार मोठी अपेक्षाही ठेवू नये. थायरॉइड कमी असल्याने वाढणारं वजन बहुतेक वेळा दोन ते पाच किलोंच्या आत असतं आणि त्यातही पाणी-मिठाचा वाटा मोठा असतो. औषधांची यादी मात्र जरूर तपासावी. स्टेरॉइड, इन्शुलिन, मधुमेहावरच्या काही गोळ्या, नैराश्यावरची आणि मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात. ती आपल्या मनाने बंद करायची नसतात, डॉक्टरांशी बोलून पर्याय विचारायचा असतो. पायावर सूज, धाप, काही दिवसांतच झपाट्याने वाढलेलं वजन असं काही असेल तर वजन कमी करण्याचा विषय बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा.

दिवसातून एकदाच जेवायचा बेत आहारतज्ज्ञाने तिथल्या तिथे मोडून काढला. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर अर्धउपासमारीचा प्रयोग केला होता. त्यांचं वजन उतरलं, पण त्याबरोबर चिडचिड, उदासी, थकवा आला, दिवसभर डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही, आणि अंगावर सूजही आली. खाणं अतोनात कमी केलं तर शरीर पाणी धरून बसू शकतं, म्हणजे ज्या काट्याला घाबरून माणूस उपास वाढवतो तोच काटा आणखी अडून बसतो.

अपेक्षेचं ओझं

आता दहा किलोंबद्दल. तीन महिन्यांत दहा किलो हा आकडा बाईंनी कुठून आणला? कुठूनच नाही. दहा हा गोल आकडा, तीन महिने ही सोयीची मुदत. वजन कमी करायला आलेल्या स्त्रियांना १९९७ च्या एका अमेरिकन अभ्यासात विचारलं होतं, तुम्हाला किती कमी व्हायचंय? सरासरी उत्तर होतं, शरीराच्या ३२ टक्के. आणि १७ किलो उतरणं त्यांच्या लेखी 'निराशाजनक' होतं.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावासा वाटतो. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ३२३४ लोक त्यात होते. जीवनशैली बदलणाऱ्या गटाला ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्या गटात घट ३१ टक्के होती.

बाईंचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. त्या आल्या होत्या साखरेसाठी. साखरेला दहा किलोंची घाई नव्हती. हे ऐकून त्यांनी स्वतःच कागदावर दहाचा आकडा खोडला, पण खाली साडेपाच लिहायला तयार झाल्या नाहीत. "आकडाच नको आता," म्हणाल्या. मग उद्दिष्ट कृतीत लिहिलं गेलं: आठवड्यातले पाच दिवस चालणं, दोन दिवस वजनं उचलणं, तेल मापाच्या चमच्याने, सुकामेवा आधी वाटीत मोजून, सुट्टीच्या दिवशीही दुपारचं जेवण घरी. यातली प्रत्येक गोष्ट झाली की नाही हे त्याच रात्री कळतं. वजनाचा निकाल महिन्याने लागतो, चालण्याचा निकाल घरी परतताच लागतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला असा रोजचा निकाल हवा असतो.

वजन आता रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, कडक फरशीवर ठेवलेल्या त्याच काट्यावर. रोजचा आकडा लिहायचा, पण विचार फक्त सात दिवसांच्या सरासरीचा करायचा. हा उपाय सगळ्यांसाठी नाही हे ठासून सांगायला हवं. ज्यांना खाण्याच्या विकाराचा त्रास झालेला आहे, किंवा सकाळच्या आकड्यावर ज्यांचा अख्खा दिवस ठरतो, त्यांनी काटा कपाटात ठेवावा आणि कंबर मोजावी. बाईंनी दोन्ही केलं. कंबर ९८ सेंटीमीटर भरली. खालच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप त्वचेवर न आवळता. सुरुवातीच्या दिवशी हे माप घेतलेलं नव्हतं याची हळहळ वाटते, कारण पहिल्या चार आठवड्यांत कमरेने काय केलं ते आता कधीच कळणार नाही. सुरू करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी टेप फिरवावी, इतकं ते सोपं आहे.

घरच्यांशी बोलणं बाईंना सगळ्यात जड गेलं. त्यांनी शेवटी जेवताना सांगितलं, "मला किती कमी झालं ते विचारू नका. आज चाललीस का, एवढं विचारा." पहिले दोन दिवस सगळ्यांची जीभ अडखळली, मग अंगवळणी पडलं. सहकाऱ्याशी तुलना करण्यात तर काही हशीलच नव्हतं. तो उंच, त्याचं वजन शंभराच्या पुढे, त्याचा रोजचा खर्चच बाईंपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्याला पाळी नाही.

एक अट आणखी घातली. पुढचे चार आठवडे योजनेत कसलाही बदल करायचा नाही. पाचव्या आठवड्याची सरासरी सहाव्याशी नाही, नवव्याशी ताडायची, म्हणजे पाळीचं चक्र जुळतं. तेव्हाही सरासरी खाली आली नसेल तर खाणं पुन्हा मोजायचं. मधल्या कुठल्याही सकाळी, कितीही राग आला, तरी निर्णय घ्यायचा नाही. निर्णयाचा दिवस आधीच ठरलेला असला की रोज सकाळी 'सोडू की नको' हा वाद घालावा लागत नाही. माझ्या मते पूर्ण योजनेतलं हे सगळ्यात मोलाचं कलम होतं.

पुढे काय झालं

मोजणीचा आठवडा हाच पाचवा आठवडा होता, त्याची सरासरी ७८.०. सहाव्याची ७७.७. सातव्यात सरासरी ७७.० वर आली. आठव्यात पाळी जवळ आली आणि पुन्हा किंचित वर, ७७.२. पूर्वीच्या पद्धतीने हा 'वाढीचा' आठवडा ठरला असता. बाईंनी फोन करून विचारलं, "हे पाणीच ना?" आता त्यांना उत्तर ठाऊक होतं, फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. असा एक माणूस असणं गरजेचं असतं, आहारतज्ज्ञच हवा असं नाही.

नवव्या आठवड्यात घरात आजारपण आलं. पाच दिवस चालणं नाही, रात्रीची जागरणं, मिळेल तेव्हा मिळेल ते जेवण. सहाव्या दिवशी बाईंच्या मनात आलं, आता एवढं बिघडलंच आहे तर पुढच्या महिन्यापासून नव्याने सुरू करू. जेनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी डाएट करणाऱ्यांमधली नेमकी ही वागणूक वर्षानुवर्षं अभ्यासली आहे: एक नियम मोडला की दिवस गेला असं धरून उरलेलाही सोडून द्यायचा. खरं नुकसान त्या पाच दिवसांत होत नाही. ते होतं 'पुढच्या महिन्यापासून'मध्ये.

यासाठी तयारी आधीच करून ठेवली होती. पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातली 'असं झालं तर तसं करेन' या घाटाची वाक्यं बाईंनी फ्रिजवर चिकटवली होती. त्यातलं एक होतं: "चालणं तुटलं, तर ज्या दिवशी सुटका होईल त्या संध्याकाळी दहा मिनिटं." ४५ नाही, दहा. सातव्या दिवशी बाई दहा मिनिटं चालून आल्या. सवय कशी लागते यावर फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा लंडनमधला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी कृती आपसूक होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त लागले तो आकडा, ६६ होता, पण पसारा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. अधूनमधून एखादी संधी हुकली तर सवय लागण्यात फारसा खंड पडला नाही, हेही त्यात दिसलं. बाईंच्या घरात त्या वेळी साठच्या आसपास दिवस झाले होते. त्यांना चालण्याची आठवण व्हायची ती घड्याळामुळे, अजून पायांना ओढ लागलेली नव्हती. ती बाराव्या आठवड्याच्या सुमाराला लागली.

झोपेचा मुद्दाही याच काळात पुढे आला. २०१० मध्ये छापलेल्या एका छोट्या अभ्यासात, अवघी दहा माणसं, तेच कमी कॅलरींचं खाणं दोन आठवडे साडेआठ तासांच्या झोपेबरोबर आणि दोन आठवडे साडेपाच तासांच्या झोपेबरोबर दिलं. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत त्यातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी कमी होता आणि भूक जास्त होती. माणसं थोडी होती हे खरं, तरी आजारपण संपल्यावर बाईंनी आधी झोप सावरली आणि मग व्यायाम वाढवला, हा क्रम योग्यच होता.

दहाव्या आठवड्याची सरासरी ७७.०. बाराव्याची ७५.९. सोळाव्या आठवड्याअखेर ७४.७.

सोळाव्या आठवड्याची भेट

चार महिन्यांत ३.३ किलो. शरीराच्या साधारण सव्वाचार टक्के. कंबर ९३.५. त्या चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या वाटेवर सुरुवातीला जी चढण दोनदा थांबून पार व्हायची ती आता बोलत बोलत पार होते. एचबीएवनसी ५.७ आलं. ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते आणि ०.२ चा फरक तपासणीतल्या चढउताराचाही असू शकतो, हे डॉक्टरांनी बाईंना मोकळेपणाने सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढची तपासणी कधी, एवढंच विचारलं.

हा निकाल फार मोठा आहे असं कुणी म्हणणार नाही. दहा किलोंच्या मूळ बेताने मोजला तर एक तृतीयांशच. पण चौथ्या आठवड्यात ज्यांच्यासमोर उपास किंवा माघार एवढेच पर्याय होते, त्या बाई सोळाव्या आठवड्यात ठरलेल्या सात व्यायामांपैकी सरासरी सहा करत होत्या. आहारतज्ज्ञाच्या वहीत वजनाच्या वर हा आकडा लिहिलेला होता.

औषधांचा विषयही त्या भेटीत निघाला. बीएमआय ३० च्या आसपास असताना आणि साखर वाढू लागलेली असताना वजनावरच्या नव्या इंजेक्शनांबद्दल डॉक्टरांशी बोलणं यात हार मानण्यासारखं काही नाही, हे बाईंना स्पष्ट सांगितलं गेलं. त्यांनी सहा महिने पूर्ण होईपर्यंत थांबायचं ठरवलं.

पुढच्या टप्प्यात दोन बदल झाले. वजन उतरल्याने रोजचा खर्च थोडा घटला होता, तो भरून काढायला वजनांच्या व्यायामाचा तिसरा दिवस वाढवला. आणि सतरा-अठरा हे दोन आठवडे मुद्दाम तूट न ठेवता, आहे तेवढंच वजन राखत काढायचे ठरले. पुढे कधीतरी वजन कमी करणं थांबणारच आहे, तेव्हा राखणं कसं जमतं ते आतापासून करून बघावं म्हणून. एचबीएवनसीची पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची घेतली.